बाई भिताडात गेली

दारव्ह्याकडच्या आमच्या गावात लाइट धड टिकत नाही आणि तिथं मी 28 हजाराची स्पीकरची जोडी आणली, हे बाबांना अजून पचलं नाही. "तेवढ्यात बोअरची मोटर आली असती बे." आली असती, पण मोटरीत इमेजिंग नसते ना.

इमेजिंग म्हणजे असं की दोन डब्यांच्या मधात, जिथं भिंतीवर नुसतं कॅलेंडर लटकून आहे, तिथून गाणारी बाई ऐकू आली पाहिजे, तबला तिच्या डाव्या हाताला, आणि सारंगी जरा मागं, पार गोठ्यात बसल्यासारखी. हा सगळा पसारा म्हणजे साउंडस्टेज. दोन्ही डब्यांतून सारखाच आवाज सारख्याच वेळी कानावर आला की डोकं फसते आणि म्हणते, बाई मधात आहे.

पहिले चार दिवस बाई कुठंच नव्हती. आवाज ताक सांडल्यासारखा खोलीभर, आणि ढोलकी पातळ. शेवटी कळलं, लोडशेडिंगमधे तोंडात मोबाइलचा टॉर्च धरून वायर जोडल्या होत्या तेव्हा एका डब्याची लाल-काळी उलटी लागली होती, म्हणजे एकाचा पडदा बाहेर येई तेव्हा दुसऱ्याचा आत जाई आणि खर्ज आपसातच कापाकापी करून मरे.

मग बैलाच्या कासऱ्यानं मोजलं. डब्या-डब्यात 6 फूट, प्रत्येक डब्यापासून ऐकणारा 6 फूट. या त्रिकोणाचा तिसरा कोपरा बरोब्बर आजीच्या उशीवर आला. आजीची बाज त्या जागेवरून आजोबांच्यानंही कधी हलली नव्हती, मी कोण? बाजूला फूटभर सरकून खाली बसलो तर बाई टुणकन जवळच्या डब्यात. दूरच्या डब्याचा आवाज फूटभर जास्त चालून येते, उशीर होते जेमतेम 0.9 मिलिसेकंद, पण डोकं पहिले पोचला त्यालाच मान देते, लग्नाच्या पंगतीसारखं. 1931 साली ब्लूमलाइन नावाच्या इंग्रज इंजिनियरनं लंडनमधे स्टिरिओच्या पेटंटचा अर्ज केला, त्याच्या घरी बाज नसावी.

म्हणजे 28 हजाराची मजा फुकटात आजीला. दुसऱ्याच दिवशी ती म्हणे, "हे बाई कोन होय रे? खिडकीकडं सरकून बसली."

मी थंड पडलो. बरोबर होतं तिचं! डावीकडचं दार आजीला वारा पाहिजे म्हणून सदा उघडं, तिकडचा आवाज अंगणात पळून जाई, आणि उजवीकडे गुळगुळीत प्लास्टरची भिंत, ती बाईला ओढून घेई. आवाज नेमका कुठं आपटते ते शोधायची युक्ती आहे, भिंतीवर आरसा सरकवत न्यायचा आणि बसल्या जागेवरून जिथं स्पीकर दिसला ती जागा. धाकटा भाऊ बाबांचा दाढीचा आरसा घेऊन भिंतीला घासत चालला, आजी बाजेवरून ओरडे, "दिसला, दिसला!" तेवढ्यात शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या, दारातूनच परत गेल्या, आणि संध्याकाळपर्यंत गावात झालं की आमच्या घरी काहीतरी उतरवून राह्यले. त्या जागी मी गादी टांगली, ती आईनं काढली.

मग दिवाळीनंतर कापूस घरात आला. भाव नाही म्हणून बाबांनी माजघर भरलं, तरी उरलेला चार क्विंटल माझ्या खोलीत, उजव्या भिंतीला, खिडकी बुडेपर्यंत. अंगाला खाज सुटली, शिंका सुटल्या, मी चिडूनच गाणं लावलं आणि बावा, बाई कॅलेंडरात! तबला जागेवर, सारंगी गोठ्यात. उघडं दार जेवढा आवाज खाई, जवळपास तेवढाच कापूसही खाऊन राह्यला होता. आजी झोपायची तेवढ्या वेळात मी तिच्या पायाशी वाकून वाकून ऐकत असे. तीन महिने भाव वाढू नये असं वाटणारा तालुक्यातला एकटाच कास्तकार मी.

फेब्रुवारीत खेडा खरेदीवाला मॅटाडोर घेऊन आला. एकेक बोंद्री काट्यावर चढे आणि माझ्या पोटात कालवे. बाबा नोटा मोजत होते. त्या संध्याकाळी गाणं लावलं तर आजीनं कूस बदलली.

"गेली रे. भिताडात गेली बाई."

रात्री जेवताना बाबा म्हणाले, औंदा पराटी नाही, सगळं सोयाबीन पेरू. मी घास तसाच ठेवला आणि अर्धा तास कापसाची बाजू मांडली, जमीन काळी आहे, पाऊस सांगता येत नाही, सगळं. बाबा भाकर मोडता मोडता थांबले.

"काहून बे? तुले कवापासून वावराची काळजी?"