एका मार्काचा ॲटली

स्पर्धा परीक्षेची तयारी केलेल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा, ‘ॲटलीची घोषणा कधीची?’ उत्तर तयार असतं: २० फेब्रुवारी १९४७. पण हा ॲटली होता कोण, असं पुढे विचारलं की सगळे गप्प. मीही त्यातलाच. चर्चिलला शिव्या घालायला आपल्याला निमित्त लागत नाही, माउंटबॅटन पती-पत्नींवर तर गप्पा रात्रभर रंगतात. ज्याच्या सरकारने भारतातली सत्ता सोडायचा निर्णय घेतला आणि त्या घोषणेत तो जाहीर केला, तो ब्रिटनचा पंतप्रधान, टकला, पाइप ओढणारा, मोजकं बोलणारा माणूस मात्र एका मार्कापुरता उरलाय.

क्लेमेंट ॲटली वकिलाचा मुलगा, स्वतःही बॅरिस्टर. ऑक्सफर्डात असताना कल हुजूर पक्षाकडे. १९०५ मध्ये लंडनच्या ईस्ट एंडमध्ये, स्टेपनीतल्या गरीब मुलांच्या क्लबात मदतीला म्हणून गेला आणि त्याच वस्तीत राहिला. तिथे समाजवादी झाला. पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीला लढला, मेसोपोटेमियात जखमी झाला, १९२२ मध्ये मजूर पक्षाचा खासदार.

आणि आता गंमत बघा. ३ फेब्रुवारी १९२८ ला मुंबईत काळे झेंडे दाखवून ज्यांचं ‘स्वागत’ झालं, त्या सायमन कमिशनच्या सात खासदारांतला एक हा ॲटली. ‘सायमन गो बॅक’ त्यालाही उद्देशून होतं! त्याच वर्षी पुण्यात डॉ. आंबेडकरांनी या कमिशनपुढे साक्ष दिली. चर्चिलचा हिंदुस्थान त्याच्या तरुणपणीच्या बंगलोर छावणीतच अडकून पडला होता. ॲटलीने निदान इथली माणसं समोर बसून ऐकली होती. माझ्या मते पुढचा फरक इथूनच पडला.

जुलै १९४५. जर्मनीत पॉट्सडॅमला स्टालिन-ट्रुमनसोबत बैठक चालू असताना चर्चिल आणि ॲटली ब्रिटनच्या निवडणुकीच्या मतमोजणीसाठी लंडनला परतले. मजूर पक्षाला ३९३ जागा! पक्षातलेच काहीजण नेतेपदावरून त्याला हटवायच्या खटपटीत होते. हा बायकोने चालवलेल्या घरच्या गाडीतून राजवाड्यावर गेला, पंतप्रधान झाला आणि पॉट्सडॅमला परतला. चर्चिल परत आलाच नाही.

मग सहा वर्षं. कर्जात बुडालेला देश, युद्धातही नव्हतं ते पावाचं रेशनिंग. तशात कोळसा खाणी आणि रेल्वे सरकारी झाल्या, ५ जुलै १९४८ पासून सगळ्यांना मोफत उपचार सुरू झाले. (आपल्याकडे हॉस्पिटलचं बिल भरताना हे आठवलं की पोटात दुखतं.)

भक्ती नको, हेही मान्य. भारत सोडायची आधीची मुदत जून १९४८ होती, ती ऑगस्ट १९४७ वर आणली. हिंदुस्थानात कधी पाऊल न ठेवलेल्या रॅडक्लिफने पाचेक आठवड्यांत सीमा आखली. ही घाई एकट्या माउंटबॅटनच्या खाती टाकता येणार नाही; मंजुरी ॲटलीच्या मंत्रिमंडळाची होती. सत्तांतराच्या वाटाघाटींसाठी १९४६ मध्ये आलेल्या ब्रिटिश मंत्र्यांच्या कॅबिनेट मिशनने अस्पृश्यांना डावललं, ही बाबासाहेबांची तक्रारही त्याने मानली नाही.

म्हातारपणी भावाला लिहिलेल्या पत्रात त्याने स्वतःवरच पाच ओळींची एक वात्रटिका केली. हा शर्यतीत आहे असंही फारसं कुणाला वाटलं नव्हतं, स्वतःला जास्त हुशार समजणारे पुष्कळ होते, असं म्हणत शेवटी मिळालेल्या पदांची आणि किताबांची जंत्री. भारताचा त्यात उल्लेखही नाही.