कासव आलं, ‘क’ आलाच नाही

लहान मुलांच्या आईबाबांच्या फोनवर सध्या एक मजकूर फिरतोय. ‘पाटी-पेन्सिल विसरा. रोज एक अक्षर, रोज एक कलाकृती. 52 वर्ण, 52 दिवस. मुलं स्वतःच्या हातांनी केलेली गोष्ट कधीच विसरत नाहीत. अडीच वर्षांपासून सुरू करा, उशीर नको.’ खाली फोटो: कापसाचा ससा, चकचकीत कागदाचा मासा, बटणांचे डोळे लावलेला हत्ती. फोटो सुंदर आहेत, हे कबूल. मलाही कागद-कात्री घेऊन बसायला आवडतं. म्हणूनच हा मजकूर जास्त खटकला.

‘हातांनी केलेलं मुलं विसरत नाहीत.’ बरं, पण नेमकं काय विसरत नाहीत?

माझी भाची चार वर्षांची असताना आम्ही दोघींनी ‘क कासवाचा’ केला. मी जाड कागदाचा मोठा क कापून दिला. तिने त्यावर हिरव्या कागदाचे तुकडे चिकटवले, चार पाय लावले, डोळे म्हणून दोन टिकल्या. पाऊण तास गेला, त्यातला निम्मा बोटांना लागलेला डिंक सोलण्यात. दुसऱ्या दिवशी तोच कागद पुढे धरून विचारलं, ‘हे काय आहे?’ ‘कासव.’ ‘आणि अक्षर कुठलं?’ तिने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. ‘अगं मावशी, कासवच आहे ते!’ मग पेन्सिलीने साधा क काढून दाखवला. तो तिने ओळखला नाही. ओळखणार कसा? पाऊण तास ती पाय बघत होती, टिकल्या बघत होती. क हा आवाज मी दोनदा काढला असेन, तिने एकदाही नाही. जे डोक्यात घोळलं ते लक्षात राहिलं, आणि डोक्यात घोळत होतं कासव.

हे फक्त माझ्या भाचीचं नाही. ज्युडी डीलोच या मानसशास्त्रज्ञांनी अडीच वर्षांच्या मुलांना दोन तऱ्हेच्या पुस्तकांतून अक्षरं दाखवली. एक साधं, अक्षर आणि चित्र एवढंच. दुसऱ्यात उघडायच्या झडपा, ओढायच्या पट्ट्या. नंतर विचारलं तेव्हा साध्या पुस्तकाची मुलं जास्त अक्षरं ओळखू शकली. अक्षर ही खूण आहे, ते कशाच्या तरी जागी उभं असतं. तीच खूण खेळण्यासारखी मजेदार केली की मूल खेळण्यात रमतं आणि खूण मागे पडते.

मग हातांचा उपयोगच नाही का? आहे, भरपूर आहे. शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरींनी 1907 मध्ये रोममध्ये पहिलं बालगृह, म्हणजे लहान मुलांची शाळा, सुरू केलं. तिथली खरखरीत कागदाची अक्षरं प्रसिद्धच आहेत. गुळगुळीत पाटीवर खरखरीत अक्षर, ना चित्र, ना डोळे, ना शेपूट. मूल लिहिण्याच्या दिशेनेच त्यावरून बोटं फिरवतं आणि फिरवता फिरवता त्याचा आवाज काढतं. हात, डोळा आणि कान एकाच वेळी एकाच गोष्टीवर. फोटोतल्या हत्तीला नेमकं हेच जमत नाही.

कासवानंतर मी शहाणी झाले आणि मातीच्या वळ्या करायला घेतल्या. बारीक वळी लाटायची आणि तिचं अक्षर मांडायचं, बाकी सजावट काही नाही. देवनागरीला हे फार छान मानवतं. व मांडून झाला की त्याच्या पोटात एक तिरकी काडी ठेवायची, झाला ब. काडी उचलली, पुन्हा व. प च्या पोटात तशीच काडी टाकली की ष. ड शेजारी मातीचा ठिपका ठेवला की ङ. आणि सगळ्यात मजा घ-ध ची: घ च्या डोक्यावरची सलग शिरोरेघ डावीकडे तोडून टोक आत वळवलं की ध. मुलांचा गोंधळ नेमका याच जोड्यांत होतो आणि इथे तो फरक त्यांच्या बोटांखाली घडतो. भाची काडी ठेवायची आणि ओरडायची ‘ब!’, काढायची आणि ओरडायची ‘व!’ वीस वेळा. फोटो काढण्यासारखं त्यात काही नव्हतं.

मजकुरात पुढे म्हटलंय की ठिपक्यांच्या अक्षरावर कापूस, लोकर, मणी चिकटवले की लिहिण्याचीही तयारी होते. इथे गिरवणं आणि लिहिणं यांची गल्लत आहे. इंडियाना विद्यापीठातल्या कॅरिन जेम्स आणि लॉरा एंगलहार्ट यांनी 2012 मध्ये अजून वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. मुलांनी काही अक्षरं स्वतः लिहिली, काही गिरवली, काही कळफलकावर दाबली. नंतर अक्षरं बघताना मेंदूचे वाचनाशी जोडलेले भाग जागे झाले ते स्वतः लिहिलेल्या अक्षरांच्या बाबतीत. प्रयोग लहान होता, त्यावर इमले बांधू नयेत. पण कारण पटण्यासारखं आहे: गिरवताना कुठे वळायचं ते रेघच सांगते, स्वतः काढताना मुलाला ते ठरवावं लागतं. वेडावाकडा, पडलेला, काना विसरलेला क सुबक गिरवलेल्या क पेक्षा जास्त शिकवून जातो. मणी चिकटवताना तर दिशाही नसते. सुरुवात कुठून, शेवट कुठे, काहीच नाही.

‘काही मुलं हातांनीच शिकतात, त्यांची शैलीच तशी असते,’ असंही म्हटलं जातं. हा दावा जुना आहे. 2008 मध्ये हॅरोल्ड पॅशलर आणि इतर तीन मानसशास्त्रज्ञांनी उपलब्ध पुरावा तपासला. शैली ओळखून तसं शिकवल्याने मूल जास्त शिकतं, असं म्हणण्याइतका भक्कम पुरावा त्यांना मिळाला नाही. पुढे जाऊ.

अडीच वर्षांची घाई मला समजते, पटत नाही. फिनलंडमध्ये शाळाच सातव्या वर्षी सुरू होते. न्यूझीलंडमध्ये सेबॅस्टियन सुगेट आणि सहकाऱ्यांनी पाचव्या वर्षी आणि सातव्या वर्षी वाचायला शिकलेल्या मुलांची तुलना केली, तर अकराव्या वर्षापर्यंत वाचनातला फरक उरला नव्हता. अडीच वर्षांच्या मुलाने कागद जरूर फाडावा, माती मळावी, डिंकात बोटं बुडवावीत. त्याने बोटांत जोर येतो आणि मजाही येते. त्याला अक्षरओळख हे नाव देऊ नका, एवढंच.

आता ते 52 दिवस. या हिशोबात प्रत्येक अक्षराला एक दिवस मिळतो आणि पहिल्या दिवशी केलेला अ पुन्हा भेटतच नाही. खरं तर तो तिसऱ्या दिवशी भेटायला हवा, आठव्या दिवशी, वीसाव्या दिवशी. सगळी अक्षरं सारखी अवघडही नसतात. स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर मुलं इतरांच्या आधी ओळखतात, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. मग सुरुवात तिथून का नको? आणि 52 झाले म्हणजे संपलं थोडंच! काना, मात्रा, वेलांट्या, उकार, जोडाक्षरं पुढे उभीच आहेत.

शिवाय ‘अक्षर तशी वस्तू’ हा साचा आपल्या वर्णमालेवर नीट बसत नाही. ‘ण बाणाचा’, ‘ळ बाळाचा’ म्हणताना आवाज शब्दाच्या शेवटी जातो. क-कासव, म-मासा यांवरून पहिला आवाज पकडायला शिकलेलं मूल तिथे ‘ब’ म्हणतं, आणि त्याचं बरोबरच असतं. च तर दोन आहेत: चाकातला वेगळा, चंद्रातला वेगळा. कलाकृती चाकाची केली तर चंद्र वाचताना मूल अडणार. त्या मजकुराखालच्या फोटोंत मी मुद्दाम ङ आणि ञ शोधले. ङ च्या जागी फुगा होता. ञ च्या जागीही फुगाच, फक्त निळा.