पाहुण्यांना उतार दाखवू नये

मुंबईचे मित्र पुण्यात आले की दरवेळी तेच. "अरे, तू डोंगरावरून सायकल सोडतोस ना, आम्हालाही ने!" आणि मी मूर्खासारखा नेतो. सहाला निघायचं ठरतं. साडेआठला एकाची आंघोळ चालू, दुसऱ्याला आधी मिसळ हवी. बाइक पार्कात (म्हणजे सायकलींसाठी वाटा आखलेल्या डोंगरउतारावर) पोचेस्तोवर ऊन डोक्यावर.

मग हेल्मेट. हनुवटी झाकणारं दिलं की "गुदमरतं रे." गुडघ्याचे पॅड? "लहान मुलांचे." मी घसा कोरडा करतो: सीट खाली घ्या, उतारावर बसायचं नाही, पेडल आडवी ठेवून उभं राहायचं, ब्रेकवर एकेकच बोट, वेग वळणाआधी कमी करायचा, वळणात नाही. नजर चाकावर नको, पुढे. सगळे माना डोलावतात. आणि पहिल्याच वळणावर (आपला सुटा मुरूम म्हणजे फरशीवर सांडलेले साबुदाणे) हा गडी पुढचा ब्रेक करकचून आवळतो! थेट करवंदीच्या जाळीत. काढायला मी, काटे उपटायला मी.

वर ऐकायचं, "शाळेत असताना हँडल सोडून चालवायचो." अरे, मरीन ड्राइव्हवर!

माझी स्वतःची एक फेरी धड होत नाही. दर वळणाला थांबून डोकी मोजायची, मागे गिअरचा हँगर (मागचा गिअर जिला लटकतो ती पट्टी) वाकवून बसलेल्याला हुडकायचं. भाड्याच्या सायकलीची भरपाईही मीच भरली.

संध्याकाळी लंगडत लंगडत गाडीत बसताना तोच गडी म्हणतो, "भारी मजा आली! पुढच्या वेळी मेहुण्यालाही आणतो."