खुलासा: तुरुंग पोलीस ठाण्याच्या ताब्यात नसतो

'येरवडा कारागृह पुणे पोलीस चालवतात, त्यामुळे कैद्याला कधी सोडायचं ते पोलीसच ठरवतात' असा मेसेज फिरतो आहे. ते खरं नाही.

तुरुंग हा राज्यघटनेनुसार राज्याचा विषय. महाराष्ट्रात तो गृह खात्याखाली असला तरी कारागृह विभाग वेगळा आहे आणि त्याचं मुख्यालय पुण्यात आहे. गोंधळ होतो तो प्रमुखामुळे: त्या खुर्चीवर आयपीएस अधिकारी असतो. पण आत अधीक्षक, तुरुंगाधिकारी, हवालदार आणि शिपाई कारागृहाचेच. पोलिसांचा संबंध मुख्यतः कैद्याला कोर्टात नेण्या-आणण्यापुरता.

'कोठडी' या शब्दानेही घोळ होतो. पोलीस कोठडीत आरोपी ठाण्याच्या लॉकअपमध्ये, तपास अधिकाऱ्याच्या हाताखाली असतो. न्यायालयीन कोठडी मिळाली की तो कारागृहात जातो. तिथे चौकशी करायची तर पोलिसांनाही कोर्टाची परवानगी लागते.

सुटकेचं म्हणाल तर मुंबईच्या आर्थर रोड कारागृहाच्या दारात एक जामीनपेटी आहे. कोर्टाचा आदेश त्या पेटीत ठरल्या वेळेआधी पडला नाही, तर जामीन होऊनही माणूस ती रात्र आतच काढतो. यात पोलिसांची मर्जी कुठेच येत नाही, आणि खरं सांगायचं तर तुरुंगवाल्यांचीही नाही.

संचित रजा, म्हणजे फर्लो (शिक्षा भोगणाऱ्या कैद्याला काही दिवस बाहेर जायला मिळणारी रजा), हीसुद्धा कारागृह विभागच मंजूर करतो. पोलिसांकडून फक्त अहवाल मागवतात.