संशोधनाचा हिशेब मागणं म्हणजे खोडा घालणं नव्हे

निपाणी-चिकोडीकडच्या शेतकरी ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय: "सरकारी संशोधनाला माहिती अधिकार लागू नाही. आकडे बाहेर पडले की कंपन्या चोरतात. शेतकऱ्याला त्यातलं काय कळतं? शास्त्रज्ञांना सुखानं काम करू द्या."

पहिलंच वाक्य खोटं. माहिती अधिकाराच्या २००५च्या कायद्यात सूट आहे ती डीआरडीओसारख्या (संरक्षण संशोधन संस्था) मोजक्या संस्थांना, आणि भ्रष्टाचाराची माहिती त्यांनाही दडवता येत नाही. धारवाडचं कृषी विद्यापीठ, त्याचं संकेश्वरचं ऊस संशोधन केंद्र, बेळगावातली आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) पारंपरिक वैद्यक संस्था ही सगळी जनतेच्या पैशावर चालतात. त्यांना कायदा लागू आहे.

चोरीची भीती म्हणाल, तर कलम ८ बौद्धिक संपदेला संरक्षण देतं. पण व्यापक जनहित असेल तर तीही माहिती द्यावी लागते. गोपनीय तेवढं वगळून उरलेलं देण्याची सोय कलम १० मध्ये आहे.

आणि झाकून ठेवल्यानं संशोधन सुरक्षित राहतं का? 'बिकानेरी नर्मा' हा बीटी, म्हणजे बोंडअळीला मारणारं जनुक घातलेला कापूस आठवा. नागपूरची केंद्रीय कापूस संस्था आणि हेच धारवाडचं विद्यापीठ त्यात होतं. २००८ला मान्यता, २००९ला बियाणं शेतात. स्वस्त, शिवाय पुढच्या हंगामाला घरचं बी राखता येणारं! पण त्यात मोन्सँटो या अमेरिकी बियाणे कंपनीचं जनुक आढळलं आणि बियाणं मागे घ्यावं लागलं. याची चौकशी करणाऱ्या सोपोरी समितीचा अहवाल आला तो २०१२ला. मूळ आकडे बाहेरच्या तज्ज्ञांना आधीच पाहायला मिळाले असते, तर हे विक्रीपूर्वी पकडण्याची संधी होती.

'शेतकऱ्याला काय कळतं' हे वाक्य मला सर्वांत जास्त लागलं. नवं बेणं घेताना संकेश्वरचा ऊसकरी विचारतो: चाचणी कुठल्या जमिनीत झाली? पाणी किती दिलं? चाबूक काणी हा रोग किती आला? खोडव्याला (तोडणीनंतर फुटणाऱ्या उसाला) टनेज किती पडलं? आणि जे प्लॉट फसले, ते अहवालात आहेत की गाळले? परीक्षक शास्त्रज्ञही हेच विचारतो.

अर्जांचा मारा करून त्रास देणारे लोक असतात, हे मान्य. त्यावर उपाय कलम ४ मध्येच आहे: संस्थांनी माहिती आपणहून मांडावी.

आपल्याकडे एक अडचण मात्र खरी आहे. अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा इथल्या, म्हणजे कर्नाटकच्या राजभाषेत, कन्नडमध्ये करावा लागतो. मराठी अर्ज नाकारला जाऊ शकतो, तेव्हा कन्नड लिहिणारा शेजारी सोबत घ्या. कारण सांगायची गरज नाही. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा.