ते ‘प्राचीन लोहस्तंभ’ बॉम्बची टरफलं आहेत

मावशीच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवरचा एक मजकूर फिरत फिरत माझ्यापर्यंत आला. लाओस-थायलंडमधले पुआन लोक म्हणजे सातवाहनकाळी कोकणातल्या बंदरांतून तिकडे गेलेले मराठी व्यापारी, असा त्यात दावा आहे. पुरावे काय, तर बायका नऊवारी नेसतात, मनगटाला राखी बांधतात, देवळात पाली मंत्र म्हणतात, घरं न गंजणाऱ्या ‘प्राचीन लोहस्तंभां’वर उभी आहेत. शिवाय धर्म विसरल्यामुळे त्यांची जुनी मंदिरं ओस पडली म्हणे. वर सल्लाही आहे: तिकडे गेलात तर शेतात सापडणारे लोखंडाचे तुकडे आठवण म्हणून घेऊन या! मावशी आणि तिच्या मैत्रिणी लाओसला निघाल्या आहेत, त्यामुळे हे हसून सोडून देता येत नाही.

आधी त्या खांबांचं बघू. मजकुरासोबतचा फोटो लाओसच्या सिएंग ख्वांग प्रांतातला आहे, पुआन लोकांच्या मूळ भूमीतला. तो जरा मोठा करून बघा. खांब आतून पोकळ आहेत, उभे चिरल्यासारखे अर्धगोल. ती क्लस्टर बॉम्बची, म्हणजे आत लहान लहान बॉम्ब भरलेल्या बॉम्बची, बाहेरची कवचं आहेत. १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेने लाओसवर २० लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले. दुसऱ्या महायुद्धात तिने जर्मनी आणि जपानवर मिळून टाकले, त्याहूनही जास्त. हे कुणा विरोधकाचं म्हणणं नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये तेव्हाचे अमेरिकी राष्ट्राध्यक्ष ओबामा लाओसच्या राजधानीत, व्हिएंतियानमध्ये, जाहीर भाषणात स्वतः हे बोलले. पुआन घर मुळात लाकडी खांबांवर उचललेलं असतं, खालच्या मोकळ्या जागेत माग, अवजारं, गुरं. युद्धानंतर हाताशी जे उरलं त्यावर लोकांनी घरं आणि धान्याची कोठारं उभी केली, कवचांची कुंपणं केली, त्यांत कांद्याची पात लावली. याला प्राचीन धातुविद्या म्हणताना लाज वाटायला हवी.

ओस पडलेल्या मंदिरांचंही तेच. मजकुरातली उघड्यावरची, वर छप्पर नसलेली बुद्धमूर्ती मुआंग खूनच्या ‘वाट फिया वाट’ या विहारातली. मुआंग खून ही पुआन राज्याची जुनी राजधानी. ती बॉम्बफेकीत बेचिराख झाली, माणसं गुहांत आणि निर्वासितांच्या छावण्यांत राहिली. धर्म विसरले म्हणे! थायलंडमधल्या पुआन लोकांचे पूर्वज तर मुख्यतः अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत सयामी फौजांनी हलवून नेलेले. तरीही सुखोथाई प्रांतातल्या हात सिआओ गावात आजही दीक्षा घेणाऱ्या मुलांना सजवून हत्तीवरून मिरवत विहारात नेतात.

नऊवारीचं म्हणाल तर त्यांचं ‘सिन’ म्हणजे नळीसारखं शिवलेलं लुंगीवजा वस्त्र. हात सिआओच्या सिनचा नक्षीदार काठ वेगळा विणून खाली जोडतात. विणताना साळिंदराच्या काट्याने ताण्याचे धागे उचलून मधून रंगीत धागा घालतात. ही कला त्यांची स्वतःची आहे, ती आपल्या नावावर कशाला चढवायची?

राखी नव्हे, तो ‘बासी’ विधीचा पांढरा दोरा. लग्न, बाळंतपण, प्रवास अशा प्रसंगी शरीरातले ३२ ‘ख्वान’, म्हणजे प्राणच म्हणा, जागेवर राहावेत म्हणून वडीलधारे तो बांधतात.

पाली मात्र खरी. भिक्षूंचं पठण पालीतच चालतं, वेस्संतर जातकाचा, म्हणजे बुद्धाच्या एका पूर्वजन्माच्या कथेचा, मोठा उत्सव होतो, आणि त्याचं मूळ भारतातच आहे. पण थेरवाद, म्हणजे तिथला बौद्ध पंथ, तिकडे पोचला तो श्रीलंका आणि मग आग्नेय आशियातले मोन, ख्मेर लोक अशा वळणांनी, आणि त्यासाठी कुणाला मराठी असावं लागलं नाही. पुआन भाषा लाओ-थाईच्या कुळातली आहे.

आता त्या लोखंडी तुकड्यांचं. क्लस्टर बॉम्बमधल्या चेंडूएवढ्या छोट्या बॉम्बांपैकी अंदाजे ३० टक्क्यांपर्यंत फुटलेच नाहीत. अजूनही शेतं नांगरताना माणसं आणि खेळताना मुलं त्यांनी मरतात. मावशी, जमिनीवरचं काहीही उचलायचं नाही. सिएंग ख्वांगमधल्या दगडी रांजणांच्या पठारावर वाटेत लाल-पांढऱ्या खुणा लावलेल्या दिसतील, तिथे पांढऱ्या बाजूनेच चालायचं. आणि हे तुझ्या मैत्रिणींना निघायच्या आधी सांग.