एक्स्टेन्शन तपासलं म्हणजे झालं? छे!

"फाइल अपलोडचं एवढं काय? एक्स्टेन्शन (नावाच्या शेवटचं '.जेपीजी' वगैरे) तपासा, फक्त फोटो घ्या, साइजला मर्यादा घाला. झालं काम." नव्या डेव्हलपरांना दिल्या जाणाऱ्या टिपांमध्ये हा सल्ला सतत फिरतो. सल्ला टाकाऊ नाही; खोट आहे ती 'झालं काम'मध्ये.

"एक्स्टेन्शन तपासा." कुठे? ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टने तपासत असाल, तर ती फक्त साध्या माणसाची सोय झाली. हल्लेखोर तुमचा फॉर्म उघडतच नाही, कर्ल या कमांड-लाइन प्रोग्रॅमने थेट रिक्वेस्ट पाठवतो. फाइलचा प्रकार सांगणारा कंटेंट-टाइप हेडरही तोच लिहून पाठवतो, त्यामुळे 'इमेज/जेपीईजी' दिसलं म्हणून हुरळून जाऊ नये. बरं, सर्व्हरवर तपासलंत. 'पीएचपी' हे सर्व्हरवर चालणाऱ्या कोडचं एक्स्टेन्शन अडवलंत, पण 'पीएचटीएमएल'? 'फार' (phar)? तीही पीएचपी म्हणून चालू शकतात. अपाचे या वेब सर्व्हरमध्ये ॲडहँडलर या सेटिंगने पीएचपी जोडलेलं असेल, तर 'फोटो.पीएचपी.जेपीजी' हे नावसुद्धा कोड म्हणून चालू शकतं. म्हणून काय नको याची नव्हे, काय चालेल याची यादी करायची.

कुणी म्हणेल, मग फाइलचे पहिले बाइट बघू. जीआयएफची सुरुवात बहुतेकदा 'जीआयएफ८९ए' (GIF89a) या सहा अक्षरांनी होते. ती सहा अक्षरं लिहून पुढे पीएचपी कोड चिकटवला, की तपासणीला फोटो दिसतो आणि पीएचपीला कोड. फाइल म्हणजे काय, हे तिचं नाव ठरवत नाही. तिला उघडणारा प्रोग्रॅम ठरवतो.

"फक्त फोटो घ्या." एसव्हीजी हाही फोटोच, पण आत एक्सएमएल (एचटीएमएलसारखा टॅगांचा मजकूर) असतं आणि त्यात स्क्रिप्ट बसते. तुमच्याच डोमेनवरून ती थेट उघडली, की लॉगिन केलेल्या माणसाच्या नावाने चालते. आणि २०१६मध्ये सापडलेली इमेजट्रॅजिक ही त्रुटी आठवा. इमेजमॅजिक ही फोटोंवर काम करणारी लायब्ररी नावापेक्षा आतल्या मजकुरावरून प्रकार ओळखायची. 'जेपीजी' नावाच्या फाइलमध्ये दडवलेला आदेश थंबनेल बनवता बनवता सर्व्हरवर चालायचा. म्हणजे ती फाइल कुणी उघडून बघायचीसुद्धा गरज नव्हती!

"साइजला मर्यादा घाला." जरूर घाला. फक्त '४२.झिप' विसरू नका: ४२ किलोबाइटची फाइल, थरांमागून थर उलगडत गेलं तर सुमारे ४.५ पेटाबाइट. मर्यादा उलगडल्यानंतरच्या आकारालाही हवी.

आता माझा सगळ्यात नावडता बचाव: "अपलोडच्या फोल्डरमध्ये एचटीॲक्सेस टाकलंय, तिथे काही चालत नाही." एचटीॲक्सेस म्हणजे एका फोल्डरपुरते नियम अपाचेला सांगणारी फाइल. जेक्वेरी फाइल अपलोड हे लोकप्रिय विजेट याच भरवशावर होतं. पण अपाचेने २.३.९ या आवृत्तीपासून डीफॉल्ट सेटिंगमध्येच एचटीॲक्सेस वाचणं बंद ठेवलं. कुलूप दारावर तसंच लटकत होतं, लागत मात्र नव्हतं. हे जगजाहीर झालं २०१८मध्ये.

म्हणून फाइल वेब रूटच्या (ब्राउझरमधून थेट उघडता येणाऱ्या फोल्डरच्या) बाहेर ठेवा, तिला तुम्हीच बनवलेलं रँडम नाव द्या, फोटो असेल तर नव्याने एन्कोड करा आणि देताना वेगळ्या डोमेनवरून द्या. तुमची साइट पीएचपीवर असेल, तर आजच एक करून बघा. सात गुणिले सातचं उत्तर छापणारी एका ओळीची पीएचपी फाइल स्वतःच्या हाताने अपलोड फोल्डरमध्ये ठेवा आणि ब्राउझरमध्ये उघडा. ४९ दिसलं, तर ते फोल्डर कोड चालवतंय.